देवाजी प्रॉम्प्टरचा व्हिसा

देवाजी खोब्रागडेला अमेरिकेचा व्हिसा का मिळाला नाही, हे आमच्या वडशात कोणत्याही पानटपरीवर विचारा. कोणी सांगेल त्याच्या बोटांचे ठसेच उमटले नाहीत. कोणी सांगेल साहेबाशी भांडला. एक दीडशहाणा तर सांगतो, देवाजीनं तिथं खिडकीसमोर नाटकाचा पार्ट म्हणून दाखवला. सगळं झूट! मी त्या दिवशी मुंबईला होतो. आत नव्हतो, बाहेर रस्त्यावर उन्हात उभा होतो, पण देवाजी आणि त्याची बायको बाहेर आल्यावर त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकणारा मीच. तेव्हा आता जरा गप बसा आणि मला सांगू द्या.

मी पत्रू. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, नाटकांतला खलनायक. दिवाळी झाली की आमच्या कंपन्यांच्या गाड्या वडशातून सुटतात आणि होळीपर्यंत रोज नवं गाव. नाटकही रोज तेच नाही. काल मी सावकार होतो, आज इन्स्पेक्टर, उद्या हिरोइनीचा सावत्र बाप. इतके संवाद कोणाच्या बापाला पाठ होतात? आम्ही बोलतो ते देवाजीच्या जिवावर. देवाजी आमचा प्रॉम्प्टर. विंगेत पडद्याआड बसतो आणि आम्ही श्वास घ्यायला थांबलो की पुढचं वाक्य कानात टाकतो. ओठ हलत नाहीत त्याचे. आवाज बारीक, पण असा फेकतो की स्टेजच्या मधोमध उभ्या माणसाला बरोबर ऐकू जातो.

विद्या चांगली, पण ती या माणसाला घरीदारी कुठंच सोडत नाही. समोरचा बोलता बोलता जरा थांबला की याच्या तोंडून पुढचं वाक्य निघालंच. एकदा ब्रह्मपुरीला आम्ही एका सोयरिकीच्या बैठकीला गेलो होतो. मुलीचा बाप म्हणाला, "आमचं म्हणणं असं की…" आणि अडकला. मागून देवाजी हळूच, "पोरगी तुमचीच समजा." तो बिचारा घाबरून तेच बोलून गेला. झालं! टाळ्या, साखर, सगळं. नंतर तो बाप मला कोपऱ्यात घेऊन म्हणतो, "पत्रूभाऊ, मी तं विचार करून सांगतो असं मनाले आलो होतो." आता घ्या!

आणि घरी त्याची बायको सत्यशीलाबाई. लग्न झाल्यापासून त्या बाईचं एक वाक्य या बाबानं पुरं होऊ दिलं नाही. ती म्हणायची, "आज भाजीत…" हा म्हणायचा, "मीठ कमी." ती म्हणायची, "मले वाटते…" हा म्हणायचा, "पानी येईन." आणि ती मान डोलवायची. मला वाटायचं, बाई मुळातच अबोल आहे. आमची समजूत किती चुकीची होती ते मुंबईत कळलं.

त्यांना एकच लेक, पुनम. तिचा नवरा अतुल कॉम्प्युटरमधला, तो तिला घेऊन अमेरिकेत गेला. ज्या गावी गेले त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही, म्हणून घेत नाही. तिथं पुनमचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दिवस भरत आलेले, आणि गेलं. जवळ आपलं म्हणावं असं बाईमाणूस नाही. पोरगी तिकडून फोनवर रडत होती आणि सत्यशीलाबाई इकडे जमिनीवर बसून फोन कानाला लावून नुसती "हाव बाई, हाव बाई" करत होती. दुसरं काय करणार? फोनमधून डोक्यावर हात ठेवता येतो का?

म्हणून पुनमला पुन्हा दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई म्हणाली, "या बारी मी जातो." आमच्याकडच्या बायका जातो-येतो असंच बोलतात. बाईनं वाक्य पुरं केलं होतं, तरी देवाजीनं शेपूट जोडलंच, "आमी दोघंबी जातो."

आता गोंधळाला सुरुवात झाली. दोघांनी नागपूरहून पासपोर्ट काढले आणि देवाजी गावभर सांगत सुटला की अमेरिकेचं काम झालं. पेढेसुद्धा वाटले. मग आमच्याकडे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दीपाली आहे, तिच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "बाई, आता फक्त तिकीट काढून दे."

दीपाली म्हणाली, "काका, व्हिसा कुठे आहे?"

"हा काय." त्यानं पासपोर्ट पुढे केला.

"हा पासपोर्ट, काका. हा आपल्या सरकारनं दिला. व्हिसा त्यांचं सरकार देते. तो यातच चिकटवतात."

"पन मी त्यायच्या सरकाराकडे कायले जाऊ? मले तं पोरीकडे जाचं हाय. पोरगी 'या' मन्ते ना."

"पोरगी म्हणाली तरी चालत नाही. तिचं बोलावणं चांगलं, पण ते तुम्हाला पाहतात. तुम्ही वापस येणार की नाही, ते पाहतात."

"वापस नाई आलो तं जाईन कुठी?"

मी तिथंच होतो. माझंही डोकं फिरलं. मी म्हणालो, "दीपाली, साधं सांग. शिक्का भेटला की हा माणूस गेला ना तिकडे?" तर ती म्हणते, शिक्का मिळाला तरी विमानतळावर पुन्हा विचारतात, आणि किती महिने राहू द्यायचं ते तिथला साहेब त्या वेळी ठरवतो. शिक्का दहा वर्षांचासुद्धा असतो, पण म्हणून दहा वर्षं राहता येत नाही. मी म्हणालो, "मग हा व्हिसा कशाचा?" ती म्हणाली, "दारापर्यंत जायचा." मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे जंगलात जायचा पास मिळाला की माणूस आत जातो, दारात उभा राहायचा पास मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईला घेऊन गेलो. दीपालीनं सांगितलं, तुमचा व्हिसा हा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे पाव्हण्यांचा. पाव्हण्यासारखं जायचं, फिरायचं, भेटायचं, वापस यायचं. तिथं काम करायचं नाही.

बाईनं मान वर केली. "पन मी तं कामालेच जाऊन राह्यलो. पोरीचं बारंतपन कोन करन?"

"काकू, ते काम नाही धरत. लेकीजवळ राहाल, मदत कराल, ते वेगळं. पगार घेऊन केलं तर काम."

देवाजीनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तीच बोलली, "पगार नाई तं काम नाई. मंग मी जनमभर पाव्हनीच हाव मना की."

दीपाली हसली. मीही हसलो. आमचं पाहून देवाजीही हसला.

फॉर्ममध्ये प्रश्न तरी किती! एका ठिकाणी विचारलं होतं, तुम्ही कधी कोणत्या बंदूकवाल्या संघटनेत होता का? देवाजीचा चेहरा उतरला. म्हणतो, "पत्रूभाऊ, आपन एटापल्लीकडं, नक्षल्यायच्या भागात, नाटक केलं होतं. पयल्या रांगेत कोन कोन बसलं होतं, आपल्याले काय माईत? ते लिवाव का?" मी म्हणालो, "अबे, पाहणाऱ्यांचं नाही विचारत, तुझं विचारतात!" दीपालीनं 'नाही' वर टिचकी मारली, तरी घरी जाईपर्यंत तो पहिली रांग आठवत होता. धंद्याच्या रकान्यात तिनं कलाकार लिहिलं, तर हा म्हणाला, मी कलाकार नाही, मी कलाकाराला बोलता करतो. मग तिनं कलाकार खोडलं आणि नाटक कंपनीत नोकरी असं लिहिलं.

पण खरा कहर पुढेच. दीपालीनं सांगितलं, आपली इथली बाजू दाखवणारे कागद जमवून ठेवा, विचारले तर दाखवता येतील. देवाजी तहसिलीत गेला आणि चार दिवस खेटे घालून कागद घेऊन आला. छाती फुगवून टेबलावर ठेवले. उत्पन्नाचा दाखला, कमीत कमी उत्पन्नाचा. भूमिहीन असल्याचा दाखला. पिवळं रेशन कार्ड. वर सरपंचाचं पत्र, की सदर इसम अत्यंत गरीब असून त्याला मदतीची गरज आहे.

दीपालीनं डोकं धरलं. "काका, हे काय आणलं?"

"काऊन? घरकुलाले हेच लागले, पुनमच्या स्कॉलरशिपले हेच लागले. सरकारी काम हाय ना?"

आता यात त्याची काय चूक? आमच्या मुलखात सरकारकडे काहीही मागायचं तर आपल्याकडे काही नाही हे सिद्ध करावं लागतं. आयुष्यभर तेच केलं. आणि हे सरकार उलटं! याला पटवायचं की आमच्याकडे घर आहे, कामधंदा आहे, माणसं आहेत, आम्हाला तुमच्याकडे राहायची गरज नाही. दीपालीनं ते सगळे दाखले एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, जे आहे ते दाखवा. बांधलेल्या घराची कर पावती आहे? आहे. कंपनी मालकाचं पत्र मिळेल, की हा माणूस दरवर्षी सीझनला लागतो? मिळेल. बस.

मुलाखतीची तारीख मुंबईची मिळाली, दिवाळीच्या आधीची. पुनमचे दिवस जानेवारीत भरत होते, म्हणजे भर सीझनमध्ये. मालक कुरकुरला, पण मी त्याला सांगितलं, "एक सीझन आम्ही अडखळत बोलू, पण देवाजीला जाऊ दे." मोठ्या मनानं सांगितलं खरं, रात्री मात्र मला घाम फुटला.

मग तालीम सुरू झाली. देवाजीच्या मते, खरं बोलायचं असलं तरी तालीम पाहिजे. मी झालो साहेब. खुर्चीवर बसलो, डोळे मोठे केले आणि आवाज काढून विचारलं, "काऊन चाल्ली अमेरिकेले?" सत्यशीलाबाईला हसू आवरेना. देवाजी मागे उभा राहून, "लेकीले भेटाले, लेकीले भेटाले." ती बोलायची, "लेकीले भेटाले." मी विचारायचो, "वापस कवा येशील?" मागून, "तीन महिन्यात." ती, "तीन महिन्यात." दीपालीला कळलं तेव्हा ती भडकली. म्हणाली, पाठ करून जाऊ नका, विचारलं तेवढंच बोला, आणि ज्याला विचारलं त्यानंच बोला. देवाजीनं मान हलवली. पण सवय कुठं जाते राजेहो?

नागपूरहून गाडी पकडून आम्ही मुंबईला गेलो. पहिल्या दिवशी ठसे आणि फोटो. दुसऱ्या दिवशी मुलाखत. आत मोबाइल नाही, पिशवी नाही, आणि मी तर नाहीच. मी गेटवर सांगून पाहिलं की मी त्यांचा माणूस आहे. पहारेकरी म्हणाला, इथं सगळेच कोणाचे तरी माणूस आहेत, बाजूला व्हा. माझा पारा चढला होता, पण दुसऱ्याचं काम बिघडू नये म्हणून राग गिळला.

आत जे झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, पण जुळवून पाहिलं तर असं झालं. काचेची खिडकी. पलीकडे एक गोरा साहेब आणि त्याच्या शेजारी मराठी समजणारी बाई. दोघांना एकत्रच बोलावलं. साहेबानं पहिला प्रश्न सत्यशीलाबाईला विचारला, तिथं जाऊन काय करणार?

बाईनं नुसता श्वास घेतला, तर बाजूनं देवाजी सुरू झाला, "लेकीले भेटाले…"

ती काही बोलायच्या आत दुभाषी बाई म्हणाली, "काका, त्यांना बोलू द्या."

"हाव हाव, मी कुठी बोलून राह्यलो?"

दुसरा प्रश्न, किती दिवस राहणार? बाजूनं, "तीन महिने." काचेपाशी बोलण्यासाठी मायक्रोफोन होता, त्यात देवाजीचा तो बारीक आवाज स्वच्छ गेला. साहेबानं त्याला चार पावलं मागे, पिवळ्या पट्टीवर उभं राहायला सांगितलं. देवाजी मागे गेला. पण चार पावलं म्हणजे त्याला काय? तो उभ्या स्टेजवर आवाज फेकणारा माणूस! तिसऱ्या प्रश्नाला मागून इतकं खणखणीत उत्तर आलं की शेजारच्या खिडकीवरचा साहेबसुद्धा वळून पाहू लागला, आणि रांगेत लोक तोंडावर हात धरून हसले. सत्यशीलाबाई सांगत होती, "भाऊ, धरती फाटावी असं झालं मले."

साहेब हसला नाही. चिडलाही नाही म्हणतात. त्यानं पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, आणखी मुलंबाळं आहेत का? नाही, एकच लेक. इथं शेती? नाही, घर आहे. मग त्यानं विचारलं, तुम्ही दोघंही गेलात तर मागे घरी कोण राहणार?

हा प्रश्न तालमीत नव्हता. सत्यशीलाबाईनं मागे वळून देवाजीकडे पाहिलं. देवाजी तिच्याच तोंडाकडे पाहत होता. बाई म्हणते, तिनं पुन्हा साहेबाकडे पाहिलं तर त्याचं तोंड असं झालं होतं की आता हा नाही म्हणणार. दोघांनाही नाही. पुनम तिथं एकटी, पोट वर आलेलं, आणि आपण इथं वडशात फोन धरून बसणार, पुन्हा तसंच. आणि ती बोलली. पुरं बोलली.

"साहेब, हे राह्यते घरी. याईले नोका देऊ. मले एकटीले द्या. माझी लेक एकडाव एकटी होती तं तिचं लेकरू गेलं. मले तिच्याजवळ राहाचं हाय. बारंतपन झालं का मी वापस येतो. माझा मानूस इथी हाय ना, याईले सोडून मी तिथी कायले राहू?"

दुभाषी बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं देवाजीकडे पाहिलं, मग कीबोर्डवर काही वाजवलं. एक पासपोर्ट ठेवून घेतला. दुसरा एका कागदासोबत देवाजीला परत दिला. बस, झालं.

दोघं बाहेर आले तेव्हा मी पाहिलं, देवाजीच्या हातात पासपोर्ट आहे आणि बाईचे हात रिकामे. बाईचं तोंड पांढरं पडलेलं. मी धावलो. "काय झालं?"

देवाजी म्हणाला, "माझा वापस भेटला. हिचा धरून ठेवला त्यायनं."

अरे बापरे! आमच्याकडे साहेबानं कागद परत दिला म्हणजे सुटलो आणि ठेवून घेतला म्हणजे अडकलो. मला वाटलं, बाई भलतंच बोलली आणि पासपोर्ट जप्त झाला. बाई रडायला लागली. "मी नाई बोलाले पायजे होतं, भाऊ. आता मले पोलीस धरते का?" मी सरळ गेटवर गेलो आणि पहारेकऱ्याला स्टेजवरच्या आवाजात विचारलं, "एका गरीब बाईचा पासपोर्ट कोणत्या कायद्यानं ठेवला रे?"

आतून बाहेर पडणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले. म्हणाले, "भाऊ, ओरडता काय? ठेवला म्हणजे मिळाला. शिक्का लावून पाठवतील. परत दिला त्याला नाही मिळाला."

मी म्हणालो, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. मी देवाजीच्या हातातला कागद त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

देवाजी पासपोर्ट उलटापालटा करून पाहत होता. आनंद कोणाचा करायचा आणि दुःख कोणाचं, काही समजेना. मी बाईला म्हणालो, "अभिनंदन." आणि लगेच देवाजीकडे पाहून जीभ चावली.

परतीच्या गाडीत वर्धा जवळ आली तेव्हा देवाजी म्हणाला, "सत्यशीला, मलेबी पोरीले पाहाचं होतं ना व."

ती रडतच होती. म्हणाली, "मले काय नाई माईत? पन त्याचं तोंड पाहून मले वाटलं, दोघायलेबी नाई मन्ते हा. मले काईच सुचलं नाई जी. पोरगीच दिसे डोऱ्यासमोर."

"बरं बरं," देवाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मला त्याचा राग आला, तिचाही आला, आणि दोघांना जवळ घ्यावं असंही वाटलं. माझ्यासारख्या खलनायकाला इतकं एकदम झेपत नाही. मी चहा आणायला उतरलो.

डिसेंबरात बाई एकटी गेली. नागपूरच्या विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. दोन विमानं बदलून, कोणाकोणाला विचारत, पोहोचली. तिथल्या साहेबानंही विचारलं म्हणे, काऊन आली, किती दिवस. तिनं सांगितलं. सहा महिन्यांचा शिक्का घेऊन बाहेर पडली.

आणि इकडे देवाजीनं नवंच सुरू केलं. कोणी विचारलं, तू काऊन नाही गेला, तर सांगायचा, "मी जामीन हाव. मी इथी हाव मनून तिले सोडलं. साहेबानं कवाबी तपासलं तं मी इथीच दिसलो पायजे." लोक हसायचे. राजुऱ्याच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीत एका गावी आमचा खेळ होता. हा यायलाच तयार नाही! म्हणतो, राज्याची हद्द ओलांडली अन साहेबाले कळलं तं? मी हात जोडले, शिव्या दिल्या. नाही म्हणजे नाही. त्या रात्री मी सावकाराच्या पोशाखात इन्स्पेक्टरचे संवाद बोललो आणि हिरोला कर्जापायी अटक केली. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, ते वेगळं. पोरंसोरं त्याला रस्त्यात "ओ जामीनदार" म्हणून हाक मारू लागली. तोही हात वर करायचा.

जानेवारीत पुनम सुखरूप बाळंत झाली. मुलगी. फोनमध्ये पाहिली मी, डोकं भरून केस. देवाजीनं फोन नाकाला लावून पाहिली, हसला, रडला, कंपनीभर दाखवली. पुनम म्हणाली, "बाबा, आता तुम्ही पुन्हा अर्ज करा. आईसोबतच वापस जाल." दीपालीनंही सांगितलं, एकदा नाही म्हटलं म्हणजे कायमचं नाही असं नसतं, पुन्हा अर्ज भरता येतो, व्हिसा मिळेलच असं सांगता येत नाही, पण मिळूही शकतो. देवाजी सगळ्यांना एकच सांगायचा, मी जामीन आहे, जामिनाला हलता येत नाही.

शेवटी एका सकाळी मी त्याच्या घरी जाऊन बसलो आणि भडकलो. "अबे, किती येडा बनशील? कोण जामीन, कसला जामीन? असा काही कायदाच नाही! नात तिकडे डोळे उघडून बसली आणि तू इथं लोकांचं हसू होऊन राहिला. चल दीपालीकडे, आत्ता चल!"

तो चहा गाळत होता. गाळून झाला, कप माझ्यापुढे ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "पत्रूभाऊ, मले समजते जी. दीपालीनं दोनदा समजावून सांगतलं. जामीन-बिमीन काई नसते."

"मग?"

"भरीन अर्ज. अन समजा भेटला, तं?"

"तर जाशील, आणखी काय!"

"मी जाईन. पन सत्यशीलाले काय वाटंल? तिले वाटंल, याईले तवाबी व्हिसा भेटत होता. आपन मंधात बोललो अन आपल्याच मानसाचं जानं तोडलं. ते तिले जनमभर खाईल. त्यापरीस मी येडा बरा."

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. तिकडची संध्याकाळ. देवाजीनं स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला. आधी नातीचं रडणं ऐकू आलं, मग सत्यशीलाबाईचा आवाज.

"काय जी, दीपालीले विचारलं का?"

"विचारलं व," देवाजी मोठ्यानं म्हणाला. "नाई मन्ते. एकडाव नाई मनलं का नाईच. लय कडक कायदा हाय त्यायचा."

तिकडे तिनं नातीला थोपटलेलं ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "मंग मी बरोबरच बोललो ना जी, तवा?"

"बरोबर बोलली तू," देवाजी म्हणाला. "नाई तं दोघंबी राह्यलो असतो."